विहिरीपाशी उभं राहायला शिकले, तो उन्हाळा

वैशाख लागला की नागपूरचं ऊन दुपारी पांढरं दिसू लागतं. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, कडुनिंबाखाली एखादी गाय डोळे मिटून उभी असते, आणि कोणाच्या तरी अंगणात वाळत घातलेल्या मिरचीचा खाट वाऱ्याबरोबर घरात शिरतो. त्या खाटानं घसा खवखवला की माझे तळहात अजून ओले होतात. वय झालं, नातवंडं कॉलेजात जायला लागली, पण हातांना ते समजत नाही. मिरचीचा यात काही दोष नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या अंगणात, विहिरीच्या कडेनं, भिवापूरची मिरची पसरलेली होती, एवढंच.

तेव्हा नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती, आणि उन्हाळा आला की सरकार पचमढीला जाई. सरकार म्हणजे साहेब लोक, त्यांचे घोडे, कुत्री, आणि त्यांच्यामागून फायलींच्या पेट्या सांभाळत जाणारे आमच्या घरासारख्या घरांतले कारकून. आमचे हे त्यांतलेच एक. चैत्रातच त्यांच्या बोलण्यात पिपरिया स्टेशन आणि घाटातली मोटार येऊ लागली की मी समजायची, आता पावसाळ्यापर्यंत घरात मी आणि माई.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या भिवापूरकडच्या. बोलणं सगळं तिकडचं, मले-तुले असं, आणि तिकडच्या बायकांसारखं स्वतःबद्दलही 'मी जातो, मी येतो' म्हणत. मी अमरावतीच्या एका शाळामास्तरांची मुलगी, थोडं पुस्तकी बोलणारी. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि आमचं चांगलं जमलेलं होतं. त्या वर्षी नवीन होता तो मधू, आमचा पहिला मुलगा. पालथा पडून मान उचलून बघायला नुकता शिकला होता.

आमचं बिऱ्हाड बर्डीच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, त्याला लागून धान्याची अंधारी कोठी, आणि मागे भिंत घातलेलं अंगण. अंगणात विहीर. उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जाई की बादली आदळल्याचा आवाज यायला वेळ लागे. वर दगडांच्या सांदीत पारवे राहायचे.

सकाळ अगदी साधी होती. हे पचमढीला जाऊन आठवडाही झाला नसेल. मधूला कडेवर घेऊन मी पारवे दाखवायला विहिरीपाशी गेले. रडारड नव्हती, भांडण नव्हतं, ताप नव्हता. मी वाकले, आणि एकदम डोळ्यांपुढे आलं की मी हात सोडते आहे. विचार म्हणावा तर त्यात शब्द नव्हते. माझेच हात, त्यांच्यावरची हिरवी काकणं, आणि ते हात उघडताहेत. मी अशी मागे सरकले की पायाला लागून बादली लवंडली. मधू हसला. त्याला तो खेळ वाटला.

माणसाला काहीबाही सुचतं आणि जातं. हे गेलं नाही. दुपारी भाजी चिरताना विळीकडे पाहिलं आणि पुन्हा तसंच चित्र आलं. चूल, उंबरठा, पाण्याचं घंगाळ, जिथं मधू आणि मी असू तिथं ते यायला लागलं. छाती धडधडायची, तोंड कोरडं पडायचं, कान बंद झाल्यासारखे व्हायचे. मी मनाशी म्हणायची, मी आई आहे, असं मी करीन का? आणि आतून लगेच उत्तर यायचं, मग सुचलं का? या एका प्रश्नाला उत्तर सापडत नव्हतं. आता वाटतं, उत्तर शोधत बसले, तिथंच पाय रुतला.

मग मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. हात कुठे आहेत, नजर कुठे जाते, मधूकडे बघताना मनात माया आली की नाही. माया तपासायला गेलं की ती सापडत नाही. सापडली नाही की भीती दुप्पट. माईंना सांगितलं, पाठ धरली आहे, अंघोळ तुम्हीच घाला त्याला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मनगट भाजलं आहे. पाजायला घेतलं की माईंना काही ना काही विचारत राहायची, तुमच्या गावचं तळं केवढं आहे, मिरची तोडायला बाया किती लागतात, काहीही, त्यांनी उठून जाऊ नये म्हणून. त्या बिचाऱ्या हौसेनं सांगायच्या. त्यांना वाटायचं, सुनेला माझ्या माहेराची आवड आहे.

माझं अन्न तुटलं. दूध कमी झालं. शेजारच्या बायका म्हणाल्या, ऊन बाधलं. माईंनी कैरीचं पन्हं दिलं, तळपायांना कांद्याचा रस चोळला, शेवटी मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "नजर नाई वं. नजर असती तं ठसका आलाच नसता. मग काय होऊन राहिलं तुले?"

"काही नाही, माई. उष्णता आहे."

पचमढीहून यांची पत्रं यायची. सकाळी धुकं असतं, रात्री पांघरूण लागतं, मधूला माझा पापा दे. मी उत्तर लिहायची, सगळं ठीक आहे. लिहिताना मधू खोलीच्या दुसऱ्या टोकाला निजलेला असायचा आणि मी दाराशी, पाय बाहेर टाकून, बसलेली असायची.

एका दुपारी माई शेजारी कुरडयांना हात लावायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "निजला हाय तो. मी आत्ताच येतो." दार लोटल्याचा आवाज आला आणि घर एकदम मोठं झालं. मी अंगणाच्या दाराला कडी घातली. विळी उचलून माळ्यावर टाकली. तरी भागेना. शेवटी मी कोठीत शिरले आणि आतून कडी लावून घेतली. ज्वारीच्या पोत्याला पाठ लावून अंधारात बसले. बाहेर मधू जागा झाला. आधी कुरकुरला, मग रडायला लागला, मग टाहो फोडला. माझं दूध सुटून पोलकं भिजलं, आणि मी पोत्याची सुतळी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिले. मी इथं आहे तोवर तो सुखरूप आहे, हेच मनात.

माई आल्या. त्यांनी पोराला उचललेलं मला ऐकू आलं. मग कोठीच्या दारावर थाप.

"विमल? आत हायेस का वं? काहून कडी लावली?"

मी सुतळीला आणखी एक पीळ दिला.

"पोरगं रडून रडून निळं पडलं. साप निंघाला का? कोणी आलं होतं का घरात?"

"कोणी नाही," मी म्हणाले. "त्याला माझ्याकडे देऊ नका."

मला वाटलं, आता त्या हाका मारतील, शेजार गोळा होईल. मग जमिनीला काकणं लागल्याचा आवाज आला. त्या दाराबाहेर मांडी घालून बसल्या होत्या.

"कडी नको काढू," त्या म्हणाल्या. "तुले काढावी वाटंन तवा काढ. मी बसून राहतो इथंच."

मी कडी काढली तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनी काही विचारलं नाही. गूळपाणी दिलं, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "उद्या बसरावाल्याकडे जाऊ."

धंतोलीत एक डॉक्टर होते. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला जाऊन आले म्हणून गावात त्यांना सगळे बसरावाले डॉक्टर म्हणत. तापाखोकल्याची औषधं देत, पण त्यांच्याबद्दल आणखीही एक बोललं जाई, की डोकं फिरल्यासारखी माणसं त्यांच्याकडे नुसतं बोलून बरी होतात. कोणी हे कौतुकानं सांगे, कोणी हसून. सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही टांग्यानं निघालो. मधू माईंच्या मांडीवर. मी समोर, दोन्ही हात माझ्याच मांडीखाली दाबून.

खोलीच्या दाराला वाळ्याची ताटी होती आणि गडी तिच्यावर पाणी मारत होता. आत ओल्या वाळ्याचा वास, अर्धवट उजेड. डॉक्टर पन्नाशीचे, जाड भिंगांचे. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, झोप विचारली. मग माईंना म्हणाले, "माई, तुम्ही ओसरीवर बसा. नातवाला तिथं वारा लागेल."

आम्ही दोघंच उरलो, दार उघडं होतं. ते म्हणाले, "काय होतं ते सांगा."

मी खाली पाहत राहिले. बोलले तर ते हे लिहून घेतील, यांना तार करतील, मूल काढून घेतील, मला कुठेतरी कोंडतील. हे सगळं मी कोठीतच विचार करून ठेवलं होतं.

"आज नाही सांगता येत का?"

मी मान हलवली.

"बरं. मग आज बसा नुसत्या. गुरुवारी पुन्हा या." त्यांनी हातातलं पुस्तक उघडलं आणि वाचू लागले. मी ताटीवरून थेंब पडताना बघत बसले. किती तरी दिवसांनी मी काही न तपासता बसले होते.

परतताना माई नाराज होत्या. "दवाई नाई देल्ली? नुसतं बसवून ठेवलं?"

पण गुरुवारी त्यांनीच टांगा बोलावला.

त्या दिवशी मी सांगितलं. त्यांच्याकडे पाठ करून, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत सांगितलं. विहीर, काकणं, हात. विळी. कोठी. सगळं सांगून झालं आणि मी थांबले. आता मागे खुर्ची सरकेल, ते उठतील, माईंना हाक मारतील. काहीच झालं नाही. शेवटी मी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे पहिल्या दिवशी होतं तेच होतं, लक्ष देऊन ऐकणाऱ्या माणसाचं. आजवर कोणी माझ्यावर केलेल्या उपकारांत तो चेहरा मी फार वर ठेवते.

"ते चित्र आलं की तुम्ही काय करता?" त्यांनी विचारलं.

"पळते."

"कुठे?"

"त्याच्यापासून लांब."

"ज्याला खरोखर इजा करायची असते तो लांब पळतो का, बाई?"

मी माझ्या हातांकडे पाहिलं.

"तुम्हाला ते करावंसं वाटतं, का ते होईल अशी भीती वाटते? घाई नका करू. नीट बघून सांगा."

मी नीट पाहिलं. आजवर ते चित्र आलं की मी डोळे मिटायची. पहिल्यांदा मिटले नाहीत. "भीती वाटते," मी म्हणाले. "करावंसं कधीच वाटलं नाही." आणि मग मला जे रडू आलं ते आवरेना. त्यांनी आवरा असं म्हटलं नाही. गड्याला हाक मारून पाणी मागवलं.

नंतर त्यांनी पलटणीतली एक गोष्ट सांगितली. भंडाऱ्याकडचा एक शिपाई, धिप्पाड, पण वस्तऱ्याला हात लावेना. शेजारी झोपणाऱ्या दोस्ताचा गळा आपण कापू अशी त्याला धास्ती. त्याची दाढी वाढली म्हणून शिक्षा झाली, तरी कारण सांगेना. "माझ्याकडे औषध नव्हतं," डॉक्टर म्हणाले. "एक वरचे डॉक्टर होते, त्यांच्याकडून ऐकलं होतं की अशा माणसाला बोलतं करावं आणि मग हळूहळू त्या वस्तूजवळ न्यावं. मी रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसलो. आधी वस्तरा लांब ठेवून, मग जवळ, मग हातात. महिना गेला. परत येताना बोटीवर त्या दोस्ताची दाढी त्यानंच केली."

"आणि त्याच्या मनातलं ते?"

"येत असेल अधूनमधून. तो तिकडे लक्ष देत नसेल. हे शास्त्र नवं आहे, बाई, मलाही ते अर्धंच येतं. पण एवढं पाहिलं आहे की भीती तापासारखी असते. चढते तशी उतरते. तुम्ही ती उतरायच्या आधीच पळता, म्हणून तुम्हाला वाटतं की ती उतरतच नाही."

मी आठवड्यातून दोनदा जाऊ लागले. ते कधी लहानपणचं विचारत. एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून अमरावतीच्या आमच्या गल्लीतली एक बाई निघाली. तिनं लेकराला घेऊन विहिरीत उडी टाकली होती. मी फारच लहान. आईनं माझे डोळे पदरानं झाकले होते, पण कान कोण झाकणार? बायका म्हणत होत्या, काल तर चांगली हसत होती. ते वाक्य मी विसरले आहे असंच मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "काल चांगली होती, म्हणजे आज कोणाचाही भरवसा नाही, स्वतःचासुद्धा. एवढ्या लहान मुलीनं हे ऐकून मनात ठेवलं. त्या बाईचं दुःख काय होतं ते कोणाला कळलं नाही. पण ती तुम्ही नव्हे." त्यानं भीती गेली असं नाही. ती कुठून चालत आली तो रस्ता मात्र दिसला.

मग ते म्हणाले, "आता माईंना सांगायला हवं."

मी नको म्हणाले. हात जोडले. ते म्हणाले, "मी सांगणार नाही. तुम्ही सांगा, मी बसतो. घरात निदान एका माणसाला ठाऊक नसेल तर पुढचं काम होणार नाही."

माईंना आत बोलावलं आणि मी सांगितलं. या खेपेस तोंड भिंतीकडे केलं नाही. माईंनी ऐकलं. मांडीवरच्या मधूला छातीशी धरलं, उठल्या, आणि टांग्यात जाऊन बसल्या.

पुढचे दिवस सगळ्यांत वाईट. मधू त्यांच्याजवळच. पाजायला त्या आणून देत आणि समोर बसून राहत, नजर माझ्या हातांवर. झालं की लगेच उचलून नेत. दुपारी त्या त्याला घेऊन आतल्या खोलीत निजत आणि कडी लावत. ती कडी लागताना ऐकणं म्हणजे काय होतं ते मला अजून लिहिता येत नाही. कोठीची कडी मी माझ्या हातानं लावली होती. ही दुसऱ्यानं लावली होती, आणि ज्याला माझी पारख होती अशा माणसानं. म्हणजे डॉक्टर चुकले, मी तशीच आहे. नवतपा, उन्हाचे सगळ्यांत कडक नऊ दिवस, सुरू होता. भिंतींतून धग यायची. अंगणात मिरच्या काळपट लाल होत चालल्या होत्या आणि मी तासन्‌तास त्यांच्याकडे बघत बसायची, कारण मिरचीला माझ्यापासून काही धोका नव्हता.

मी धंतोलीला गेले नाही, म्हणून एका सकाळी डॉक्टरच घरी आले. माई अंगणात मिरच्या उलथत होत्या. डॉक्टर तिथंच बाजेवर टेकले आणि लागोपाठ शिंकले. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मला ऐकू जावं म्हणूनच ते मोठ्यानं बोलले असावेत.

"माई, कडी लावता असं दिसतं."

"लावतो. माहा नातू हाय तो."

"तुमची सून त्याच्या जिवावर उठलेली नाही. त्याला काही होऊ नये या काळजीनं ती इतकी घाबरली आहे की त्याच्याजवळ जायचंच तिनं सोडलं. तुम्ही कडी लावली की तिला वाटतं, भीती खरी आहे."

"आन काही झालं तं? तुमी येसान का भरून द्याले?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "भरून देता येणार नाही. म्हणूनच मी तिच्याशी इतके दिवस बोललो, उलटसुलट विचारलं. मला तिच्याबद्दल धास्ती वाटली असती तर पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं असतं, कडी लावा. मी ते सांगत नाही आहे."

माई मिरच्या उलथत राहिल्या. एक ओळ उलथून झाल्यावर म्हणाल्या, "मले भेव लागते, डॉक्टर."

"तिलाही तेच लागतं. दोघींनी मिळून सोसा."

त्या दुपारी आतल्या खोलीची कडी लागली नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं मग आम्ही सुरू केलं. आधी मी एकटी विहिरीपाशी जायची, कठड्याला हात लावून उभी राहायची. चित्र आलं की त्याच्याशी वाद घालायचा नाही, देवाचं नाव घ्यायचं नाही, पळायचं नाही. आलं आहे, असू दे. पहिल्या दिवशी मी कठडा धरूनच खाली बसले. पण उठून आत गेले नाही. मान घामानं भिजली, आणि मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी पारव्यांची घुमघुम ऐकते आहे. म्हणजे मधला काही वेळ मी घाबरायची विसरले होते. तेवढीच फट. मी ते पळत जाऊन माईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि पोळी उलटली.

मग माई मधूला घेऊन बाजेवर बसत, मी विहिरीपाशी. मग मी बाजेवर, मधू माझ्या मांडीवर, माई शेजारी. मग बाज थोडी विहिरीकडे सरकवायची. काही दिवस सगळं उलट फिरायचं. एकदा विळीवरून इतकं घाबरायला झालं की मी पुन्हा कोठीकडे धावले. दारात पोचले, कडीवर हात गेला. मग तिथंच उंबऱ्यावर बसले, आत न जाता. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "उंबऱ्यापर्यंतच गेलात ना? मागच्या महिन्यात आत होतात."

अंघोळीचा दिवस माईंनीच ठरवला. अंगणात घंगाळ, पाट, तेल, डाळीचं पीठ, साय, शिकेकाई, साबण, सगळं विहिरीजवळ मांडलं. मधूला माझ्या पायांवर पालथा घातला. मी विचारलं, "तुम्ही पाणी घालाल ना?"

त्यांनी पदर डोक्यावर घेतला, खुंटीवरची पिशवी काढली.

"मी भाजीले जातो," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"मंग कवा? ऊन झाल्यावर?" आणि त्या गेल्या. पुढचं दार लोटल्याचा आवाज आला.

घर पुन्हा तसंच मोठं झालं. विहीर हातभर अंतरावर. चित्र आलं, पहिल्या दिवशी आलं होतं तेवढंच स्वच्छ, तीच काकणं. माझे हात तेलानं बुळबुळीत होते आणि त्या हातांत ते पोर. धडधड कानापर्यंत आली. मी मनात म्हटलं, आलं आहे, असू दे. पाणी घेतलं. पाठीवर घातलं. मधूनं अंग आक्रसलं आणि मग ढिलं सोडलं. मानेच्या वळीत पीठ अडकलं होतं, ते मी बोटानं काढलं. आणखी पाणी. त्याला उलटा केला. तो माझं मंगळसूत्र धरून तोंडाकडे ओढायला लागला आणि मला मान वाकवावी लागली. भीती होती, पण तिला मागे बसायला लागलं होतं, कारण पुढे काम होतं. साबणाचं पाणी डोळ्यांत जाऊ नये, कान कोरडे करावेत, टाळू दाबू नये. सगळं आटोपून मी त्याला पंच्यात गुंडाळला आणि उभी राहिले. विहिरीच्या बाजूनंच घरात गेले, लांबचा वळसा न घेता.

थोड्या वेळानं माई आल्या. पिशवी रिकामी होती आणि पाठीवरच्या लुगड्याला भिंतीचा चुना लागला होता. त्या बाजाराला गेल्याच नव्हत्या. सगळा वेळ फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी मधूला त्यांच्याकडे दिला. त्यांनी त्याचं डोकं हुंगून फक्त एवढंच विचारलं, "शिकेकाई लावली का साबण?"

ते चित्र जन्माचं गेलं असं मी म्हणणार नाही. धाकटीच्या वेळी पुन्हा आलं, जिन्यावर. छाती धडधडली. मी तिला घेऊन पायरीवर बसले आणि ते उतरेपर्यंत तिथंच बसले. कोणाला कडी लावावी लागली नाही. आता कुलर आले, वाळ्याच्या ताट्या गेल्या, तो प्रांत गेला, डॉक्टर गेले, माई गेल्या. नाती म्हणतात की आता मनाच्या डॉक्टरकडे जायची लाज वाटत नाही. मला तेवढं खरं वाटत नाही. कोपऱ्यात बसलेली एखादी नवी आई पाहिली, हात मांडीखाली दाबलेली, की मी तिच्याजवळ जाऊन बसते. आधी काही विचारत नाही.

त्या वर्षी मृग लागून गेला तेव्हा कचेरी पचमढीहून परतली. हे काळेसावळे होऊन, पचमढीच्या मधाची बाटली घेऊन आले. मधू त्यांना ओळखेना, माझ्या खांद्यात तोंड लपवलं. चहा झाला. यांनी बाजेवर पाय पसरले आणि सहज विचारलं, "कसा गेला यंदाचा उन्हाळा?"

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर कळली. त्या म्हणणार होत्या, चांगला गेला, आणि तेवढ्यावर ते कायमचं झाकून टाकणार होत्या, माझ्या भल्यासाठीच. मला परत तेच झालं, तोंड कोरडं, कानात आवाज. हे काय म्हणतील? उद्यापासून माझ्या हातांकडे बघत राहतील का?

"चांगला नाही गेला," मी म्हणाले. "पाय खाली घ्या. तुम्हाला काही सांगायचं आहे."

ते उठून बसले. माई आत जायला निघाल्या होत्या, त्या दारातून परत फिरल्या, आणि माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसल्या.